सिझरनंतरच्या गोळ्या: घड्याळ बघून घ्यायच्या की दुखायला लागल्यावर?

पारिजात
नमस्कार सगळ्यांना. बाळ झालं, सिझर झालं, आम्ही दोघं ठीक आहोत. सलाईनमधली औषधं आता बंद केलीत आणि तोंडाने गोळ्या सुरू झाल्यात. कागदावर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अशा दोन नियमित लिहिल्यात आणि तिसरी एक "फार दुखलं तरच" अशी. घोळ असा आहे की उताणी पडून राहिले तर मला फारसं दुखत नाही, पण कुशीवर वळताना, उठून बसताना, खोकला आला की जीव जातो. मग दुखत नसताना गोळी घ्यायची का? घरातल्या मोठ्या बायका म्हणतायत की उगाच गोळ्या खाऊ नकोस, सगळं दुधातून बाळाला जातं. मैत्रीण म्हणते तिने दुसऱ्या दिवसापासून एकही घेतली नाही. इकडे सिस्टर म्हणतात वेळ झाली की घ्याच. कुणाचं ऐकू? ज्यांचं सिझर झालंय त्यांनी प्लीज लिहा. पडल्या पडल्या एका हाताने टाइप करतेय.

चांदणी
आधी अभिनंदन! सिस्टरचं ऐक. घड्याळ बघूनच घे. सविस्तर बाकीचे लिहितीलच.

डोंगरवाट
अभिनंदन गं. माझा अनुभव लिहिते. ऑपरेशन झालं त्या दिवशी मला जवळजवळ काहीच दुखत नव्हतं, भेटायला आलेल्यांशी मस्त गप्पा चालू होत्या, मला वाटलं लोक उगाच घाबरवतात. पाठीत भूल देताना त्यातच मॉर्फिनचा छोटा डोस घालतात आणि त्याचा परिणाम दिवसभर टिकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो उतरला. रात्री बाळ रडलं म्हणून उठायला गेले आणि अर्ध्यातच अडकले, एक कोपर गादीत रुतलेलं, दुसऱ्या हाताने पलंगाचा लोखंडी दांडा धरलेला, ना वर जाता येतंय ना परत खाली. श्वास घेतला तरी कळ. बाळ दोन हातांवर रडतंय आणि मी त्याच्याकडे नुसती बघतेय.

गोळी मागितली, मिळाली, पण तिचा परिणाम जाणवायला पाऊण एक तास गेला आणि तो तास मी कधी विसरणार नाही. तेव्हा दुखण्याची वाट बघू नकोस. पडून दुखत नाही याला काही अर्थ नाही, तुला पडून राहायचंच नाहीये. उठायचंय, चालायचंय, बाळाला घ्यायचंय.

रात्रपाळी
मी बाळंतिणींच्या वॉर्डात बरीच वर्षं नर्स आहे, बहुतेक ड्युटी रात्रीची, त्यामुळे डोंगरवाट यांनी लिहिलेला तो कोपर रुतलेला प्रकार मी सतत बघते. पारिजात, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलंच आहे, मी त्यामागचं कारण सांगते.

सिझरमध्ये नुसती कातडी कापलेली नसते. कातडी, चरबी, स्नायूंवरचं घट्ट आवरण, पोटाचं आतलं अस्तर आणि मग गर्भाशय, एवढे थर उघडून परत शिवलेले असतात. स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात, पण ताणले गेल्यामुळे तेही दुखतात. पहिले दोन दिवस दुखणं सगळ्यात जास्त. औषधाची रक्तातली पातळी पूर्ण खाली आली आणि दुखणं चढलं की ते परत आटोक्यात आणायला वेळ लागतो, कधी कधी मग जास्त जोराचं औषध द्यावं लागतं. वेळेवर घेतलं तर पातळी टिकून राहते.

दोन वेगळ्या गोळ्या का, असं सगळ्याच विचारतात. पॅरासिटामॉल एका पद्धतीने काम करतं, आयबुप्रोफेन दुसऱ्या पद्धतीने, त्याने सूजही उतरते. दोन्ही मिळून जो आराम पडतो तो एकट्या गोळीने पडत नाही, आणि त्यामुळे ती तिसरी "फार दुखलं तर" वाली कमी लागते किंवा लागतच नाही. साधारणपणे पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन ५० किलोच्या खाली असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, बहुतेक ठिकाणी दिवसातून तीनदा, काहीतरी खाऊन. पण तुझ्या कागदावर जे लिहिलंय तेच तुझ्यासाठी खरं, इथलं वाचून त्यात बदल करू नकोस.

शांतरस
थोडं वेगळं मत मांडते. माझंही सिझरच होतं. दोन दिवस गोळ्या घेतल्या आणि मग बंद केल्या, कारण गोळीच्या जोरावर मी जास्तच हालचाल करत होते असं वाटलं. दुखणं हा शरीराचा इशारा असतो, थांब, जपून, असं ते सांगतं. तो आवाजच बंद केला तर टाक्यांवर ताण येणार नाही का? आधीच्या बायका या गोळ्यांशिवाय उभ्या राहिल्याच ना.

शिवाय वाचलेलं सांगते. २०१५ साली कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, सिझरनंतर तोंडाने घ्यायच्या वेदनाशामकांवरचे अभ्यास तपासले होते आणि निष्कर्ष असा निघाला की कुठली गोळी सगळ्यात परिणामकारक आणि सुरक्षित हे ठरवण्याइतका चांगला पुरावा नाही. मग इतक्या खात्रीने "घ्याच" कसं म्हणायचं?

चांदणी
आधीच्या बायका उभ्या राहिल्या हे खरंय, पण त्यांना कितपत दुखतंय हे विचारलं होतं कुणी?

रात्रपाळी
शांतरस, तो आढावा मला माहीत आहे आणि तुम्ही मांडलात ते बरं झालं. त्यात अडचण अशी होती की अभ्यास छोटे छोटे होते, प्रत्येकात वेगळं औषध, वेगळा डोस, त्यामुळे अमुक गोळी तमुक गोळीपेक्षा सरस असं म्हणता येईना. याचा अर्थ गोळ्या काम करत नाहीत असा नाही. त्यानंतर २०२१ ला ब्रिटनच्या नाइस या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने सिझरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही एकत्र, नियमित द्या असंच आहे, अर्थात ज्यांना आयबुप्रोफेन चालत नाही त्या सोडून.

आणि जास्त हालचालीचं म्हणाल तर आम्हाला बायका हालायलाच हव्या असतात. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढलेला असतो, सिझरनंतर आणखी. जी दुखण्याच्या भीतीने चालत नाही, खोल श्वास घेत नाही, तिची काळजी मला जास्त वाटते. या गोळ्यांनी दुखणं बोथट होतं, पूर्ण जात नाही. वजन उचललं तर तुम्हाला कळणारच.

बाबा_नवखा
इथे पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? आमचंही नुकतंच सिझर झालंय, म्हणजे बायकोचं. ती विचारलं की म्हणते "ठीक आहे", आणि पाठ वळली की डोळे पुसते. गोळीची वेळ झाली तरी म्हणते आत्ता नको, नंतर बघू. मी काय करू? जबरदस्ती करायची नाहीये, पण असं बघवतही नाही.

मेघमल्हार
@बाबा_नवखा चालेल काय, जरूर लिहा. "दुखतंय का?" असं विचारू नका, त्याला प्रत्येक बाई नाहीच म्हणते. "उठून बाथरूमला जाता येतंय का? बाळाला घेऊन नीट बसता येतंय का?" असं विचारा. नाही म्हणाली तर दुखणं आटोक्यात नाही, सरळ डॉक्टरांना सांगा. आणि गोळ्यांचं खातं तुम्ही स्वतःकडे घ्या. एका कागदावर गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि घेतल्याची वेळ लिहायची, रात्रीसकट. बाळाच्या जागरणात तिला पहाटे तीनला घेतली का पाचला हे आठवणार नाही, आणि तशातच एक गोळी दोनदा पोटात जाते.

गोळीवाला
कागदाचं अगदी शंभर टक्के अनुमोदन. मी फार्मासिस्ट आहे, नाव वाचून कुणी गैरसमज करून घेऊ नका :)

पॅरासिटामॉल डबल होण्याचा खरा धोका मिश्र गोळ्यांमध्ये असतो. कितीतरी वेदनाशामक गोळ्यांमध्ये एकाच गोळीत दोन औषधं असतात, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल. सर्दीच्या गोळीतही ते असतं. कागदावर तीन वेगळी ब्रँडनावं दिसतात आणि तिन्हींच्या पोटात पॅरासिटामॉल निघतं. जास्त झालं की लिव्हरवर येतं, आणि सुरुवातीला काही जाणवतही नाही. तसंच आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही एकाच घराण्यातली औषधं, ती दोन्ही एकत्र घ्यायची नाहीत. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव सोडा, त्याखालची बारीक अक्षरं वाचा.

आता दुधाबद्दल, कारण पारिजातच्या घरचा मुख्य मुद्दा तोच आहे. दुधातून जातं हे खरं, पण किती ते बघा. आईच्या वजनामागे जो डोस पडतो त्याच्या किती टक्के बाळाच्या वजनामागे पोचतो असा हिशेब करतात. १० टक्क्यांच्या खाली असेल तर सर्वसाधारणपणे चालतं असं मानतात. आयबुप्रोफेनचा हा आकडा १ टक्क्याच्याही आत आहे. पॅरासिटामॉलचा त्याहून जास्त, पण सहसा १० च्या खालीच. पहिल्या दिवसांत चीक येतो तो मुळातच काही चमचे, त्यामुळे बाळापर्यंत पोचतं ते आणखी कमी. थोडी मोठी झाली की हीच दोन औषधं बाळांना तापात थेट तोंडाने देतात. घरच्यांना हे शांतपणे सांगा, ते काळजीपोटीच बोलतायत.

सोनसळी
आणि कोडीन, ट्रामाडॉल या जोराच्या गोळ्यांचं काय? मला तिसरी गोळी ट्रामाडॉलची दिली होती. बाळ खूप झोपाळू वाटायचं, पाजायला घेतलं की दोन घोट पिऊन झोपायचं, मी तर घाबरूनच गेले होते. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लगेच बदलली. दोन दिवसांनी बाळ नीट प्यायला लागलं. गोळीमुळेच होतं की नवीन बाळं अशीच झोपतात, ते मला आजही माहीत नाही.

गोळीवाला
@सोनसळी तुम्ही सांगितलंत तेच बरोबर केलंत. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं आणि ट्रामाडॉलचंही आणखी जोरदार रूप तयार होतं. काही माणसांच्या लिव्हरमध्ये हे काम जन्मतःच फार वेगाने चालतं, अशा आईच्या दुधात त्याचं प्रमाण अचानक जास्त होऊ शकतं, आणि आपण त्यातले आहोत का हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये कोडीन अंगावर पाजणाऱ्या आयांना देऊ नका असं सांगितलं, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २०१७ मध्ये कोडीन आणि ट्रामाडॉल दोन्हीबद्दल तसाच इशारा दिला.

अॅस्पिरिनही दुखण्यासाठी अंगावर पाजताना घेत नाहीत.

रात्रपाळी
यात एक भर घालते, नाहीतर कुणीतरी हे वाचून आत्ताच गोळी फेकून देईल. जोराची गोळी काही जणींना खरंच लागते. अशा वेळी डॉक्टर कमीत कमी डोस, थोडेच दिवस, असं देतात. ती चालू असताना बाळाकडे लक्ष ठेवायचं. नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, उठवूनही पीत नाही, अंग सैल पडलंय, श्वास मंद किंवा अडखळत वाटतोय, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. आई स्वतः गुंगीत असेल तर बाळाला कुशीत घेऊन झोपू नये, शेजारी पाळण्यात ठेवावं. आणि या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, तेव्हा सोबत शी मऊ होण्याचं औषध मागून घ्यावं.

डोंगरवाट
पोटाचा विषय निघालाच आहे तर, टाक्यांपेक्षा गॅसने मला जास्त रडवलं! उजव्या खांद्यात असं काही दुखत होतं की मला वाटलं हे काहीतरी भलतंच. डॉक्टरांनी सांगितलं की पोटात वर, श्वासपटलाला चिडचिड झाली की ते खांद्यात जाणवतं. कुणाला झालंय का असं?

चांदणी
मला मला! आणि पहिल्यांदा गॅस गेला तेव्हा अख्ख्या खोलीने टाळ्या वाजवल्या होत्या. हसताना टाके धरून बसले होते.

पारिजात
अगं हसवू नका, उशी दाबून वाचतेय.

मेघमल्हार
च्युइंगम चघळ. गंमत नाही करत, सिझरनंतर च्युइंगम चघळलं की आतडी लवकर कामाला लागतात, गॅस लवकर सुटतो असं अभ्यासात दिसलंय. गॅसच्या दुखण्यावर पेनकिलर वाढवून फायदा नाही, जोराच्या गोळ्यांनी तर उलट आतडी आणखी सुस्त होतात. चालणं हाच उपाय.

माझं हे दुसरं सिझर होतं, त्यामुळे एक वेगळी गोष्ट. बाळ प्यायला लागलं की खालच्या पोटात अशी कळ यायची की पायाची बोटं आवळली जायची. पहिल्या वेळी हे इतकं नव्हतं. पाजताना ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं, आणि दुसऱ्या तिसऱ्या बाळंतपणात हे जास्त दुखतं. या कळांना आयबुप्रोफेनच चांगलं लागू पडलं. गोळीनंतर पाऊण तासाने पाजायला बसले की खूप फरक पडायचा. अर्थात बाळाला घड्याळ कळत नाही, नेहमी जमायचं नाही.

अबोली
माझी गोष्ट वेगळी. मला दमा आहे आणि आयबुप्रोफेन जातीच्या गोळ्यांनी श्वास लागतो, त्यामुळे मला ती नाहीच. नुसत्या पॅरासिटामॉलवर किती भागणार? वाचून जरा वाईट वाटलं की सगळ्या दोन दोन घेतायत.

रात्रपाळी
@अबोली तुम्हाला ती न देणं अगदी बरोबर. अल्सर, किडनीचा त्रास, बाळंतपणात खूप रक्तस्राव, प्लेटलेट्स कमी, अशांनाही आधी विचारूनच. बाळंतपणात बीपी वाढलेल्यांना पूर्वी सरसकट टाळायचे, आता बऱ्याचदा देतात, पण ते डॉक्टर तुमचे रिपोर्ट बघून ठरवतील. ज्यांना ती चालत नाही त्यांच्यासाठी भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या वेळीच पोटाच्या भिंतीतल्या नसांभोवती बधिर करणारं इंजेक्शन देऊ शकतात, टाक्याच्या जागीही देतात. पुढच्या वेळी आधीच सांगून ठेवा, की मला ही गोळी चालत नाही, दुसरं काय करणार. आणि पॅरासिटामॉल एकटं असलं तरी नियमितच घ्या, एकट्याला तर चुकवून चालणारच नाही.

बाबा_नवखा
थोडं विषयांतर, बायकोला काल संध्याकाळपासून डोकं दुखतंय. बसलं की ठणकतं, आडवं झालं की जातं. हे पाठीतल्या इंजेक्शनचं का? सगळे म्हणतात त्याने आयुष्यभर पाठ दुखते. पॅरासिटामॉल चालूच आहे म्हणून आम्ही काही केलं नाही.

रात्रपाळी
@बाबा_नवखा हे आजच भूलतज्ज्ञांना सांगा. बसल्यावर दुखणं आणि झोपल्यावर थांबणं हे इंजेक्शनच्या जागेतून पाठीच्या कण्यातलं पाणी झिरपल्याचं लक्षण असू शकतं. त्यावर उपचार आहे. आणि डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी, धुरकट दिसणं, वरच्या पोटात दुखणं असं काही असेल तर आत्ताच बीपी तपासायला न्या, बाळ झाल्यानंतरही बीपी वाढू शकतं. आयुष्यभराच्या पाठदुखीचं मात्र डोक्यातून काढा, सुईच्या जागी थोडे दिवस दुखरं लागतं, तेवढंच.

शांतरस
वाचतेय सगळं. हालचालीचा मुद्दा पटला, गुठळ्यांचा विचार मी केला नव्हता. पण माझ्या म्हणण्यातला एक भाग मी सोडत नाही. दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. ते वाढत असेल आणि आपण गोळीवर गोळी घेऊन ते दाबत राहिलो तर काहीतरी निसटू शकतं. माझ्या बहिणीच्या टाक्यात पू झाला होता, घरी गेल्यावर दुखणं परत वाढलं, आणि सगळे म्हणत होते गोळी घे की.

रात्रपाळी
हे तुम्ही अगदी मोलाचं लिहिलंत. कमी होत आलेलं दुखणं परत चढलं, टाक्याभोवती लाल, गरम, घट्ट लागलं, पाणी किंवा वास येतोय, ३८ सेल्सिअस किंवा त्यावर ताप, लघवीला जळजळ, तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागतेय, यातल्या कशालाही गोळी हे उत्तर नाही. आणखी एक, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही ताप उतरवतात, त्यामुळे ताप झाकला जातो. थंडी वाजली, कसंतरी वाटलं तर पुढची गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावून बघा.

पारिजात
इतकं लिहिलंत सगळ्यांनी, खूप बरं वाटलं. राउंडला डॉक्टर आल्या तेव्हा मी विचारलं. त्या म्हणाल्या की दोन्ही गोळ्या वेळेवर, झोपले असले तरी सध्या उठवून घ्यायच्या, तिसरी ट्रामाडॉलचीच निघाली, ती काढून टाकली, लागलीच तर दुसरं काही बघू म्हणाल्या. नवऱ्याने कागद केलाय. काल रात्रीपासून वेळ चुकली नाही आणि आज सकाळी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देऊन एकटी उठले. दुखलं, पण उठता आलं. सासूबाईंना टक्क्यांचा हिशेब वाचून दाखवला, त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि म्हणाल्या मग ठीक आहे.

आता पुढचं, या बंद कधी आणि कशा करायच्या? घरी गेल्यावर कुणाला विचारणार?

मेघमल्हार
मी आधी आयबुप्रोफेन कमी केली, पॅरासिटामॉल शेवटी. पहिला आठवडा नियमित, मग दुपारची गाळून बघितली, चाललं, मग रात्रीची.

गोळीवाला
साधारण तोच क्रम. जोराची गोळी असेल तर ती सगळ्यात आधी बंद, मग आयबुप्रोफेन, मग पॅरासिटामॉल. डिस्चार्जच्या वेळी कागदावर तीन गोष्टी लिहूनच घे: किती दिवस नियमित, दिवसात जास्तीत जास्त किती, आणि दुखणं वाढलं तर फोन कुणाला करायचा.

अबोली
आणि रात्रीची गोळी झोपेत राहून गेली तर सकाळी दोन एकदम घ्यायच्या का? माझ्या बाबतीत हे रोज होतंय.

रात्रपाळी
नाही, दोन एकदम कधीच नाही. जाग आली की एक घ्यायची, कागदावर ती वेळ लिहायची आणि पुढचे सहा तास तिथून मोजायचे.